नऊ आवडी

माळशिंगीत विहिरीची खोली विचारली तर कुणी फूट सांगत नाही आणि मीटरही सांगत नाही. 'नऊ आवडी' असं उत्तर मिळतं. पाहुण्याला वाटतं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तो पुन्हा विचारतो, पुन्हा तेच उत्तर येतं, आणि सांगणारा त्याच्याकडे असा बघतो की पाण्याला पाणी का म्हणतात असंच जणू त्याने विचारलंय.

गावाच्या वरच्या अंगाला, माळाच्या उतारावर ही विहीर आहे. काळ्या दगडात बांधलेली, चौकोनी, एका बाजूने पायऱ्या उतरत गेलेल्या. पायऱ्यांच्या तोंडाशी एक उंच शिळा उभी आहे. गाव तिला 'उभी' एवढंच म्हणतं. तिच्या पायथ्याशी दोन पावलं कोरली आहेत आणि वर, भल्याभल्यांचे हात पोहोचणार नाहीत इतक्या वर, दोन पंजे. पंज्यांच्या बऱ्याच खाली, कोपराच्या जागी, बारीक रेघा आहेत. त्या बांगड्या. हात वर केल्यावर बांगड्या घसरून कोपराशी येतात ना, तशा.

विहिरीची राखण रंगूतात्या करतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही, त्यांनीच स्वतःला नेमलं आहे. आल्यागेल्याला आधी पाणी पाजतात, मग गोष्ट सांगतात, आणि गोष्टीला वेळ नाही म्हणणाऱ्याच्या ओंजळीत पाणीही जरा बेतानंच पडतं. ते सांगतात ती हकिकत अशी.

फार पूर्वी माळशिंगीला विहीर नव्हती, एक ओढा होता. ओळीने तीन पावसाळे कोरडे गेले आणि ओढ्यात नुसते गोटे उरले. बाया दोन कोसांवरच्या नदीत झिरे खणून वाटी वाटी पाणी भरून आणत. गावात सटवाबा नावाचा पाणाड्या होता. जमिनीखालचं पाणी ओळखणं हा त्याच्या घरचा वसा. हातात उंबराची बेचकी धरून तो अनवाणी माळ तुडवायचा. जिथं बेचकी खाली ओढ घेई तिथं पाणी. मग त्या जागेपासून तो सरळ चालत सुटायचा, आणि जिथं बेचकी पुन्हा निवांत होई तिथं थांबायचा. ह्या दोन जागांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच पाणी खोल, असा त्याचा हिशोब होता, आणि तो कधी चुकला नव्हता म्हणे.

सटवाबाला एकच लेक, आवडा. आई लवकर गेलेली. बापाने मोठ्या लाडाने वाढवली आणि ती वाढतच राहिली. तेराव्या वर्षी तिने गावातल्या सगळ्या बायांना मागे टाकलं, सोळाव्या वर्षी पुरुषांना. घराच्या चौकटीला तिचं कपाळ इतक्या वेळा आपटलं होतं की ती मोकळ्या माळावरही वाकून चालायची. गाव काही वाईट नव्हतं, पण गावाला करमणूक लागते. "आवडे, वर ढग दिसत्यात का गं?" असं पारावरचा प्रत्येक जण दिवसातून एकदा तरी विचारी. दोन स्थळं आली, तिला उभी पाहिली आणि गूळपाणी न घेता परतली. त्यानंतर आवडाने मान आत घेतली, खांदे पुढे आणले, गुडघेही जरासे वाकवले, आणि आपल्या उंचीतली जमेल तेवढी लपवून ती जगू लागली.

सटवाबाला हे बघवत नसे. "ताठ उभी ऱ्हा, आवडे," तो म्हणायचा. "देवानं दिलेली उंची अशी घडी घालून का ठिवतीस?" हे सांगणारा स्वतः मात्र कमरेत पार वाकला होता. तरुणपणी एका कपारीतून पडला, तेव्हापासून त्याची नजर जमिनीकडेच असे. पाणाड्याला ती सोयीचीच आहे, असं तो हसून म्हणे.

तिसऱ्या कोरड्या वर्षी गावाने सटवाबाला गळ घातली. पाच दिवस तो माळ तुडवत होता. सहाव्या दिवशी वरच्या उतारावर बेचकीने अशी ओढ घेतली की म्हाताऱ्याचा तोल गेला. त्याने तिथं दगड ठेवला, सरळ चालत गेला, बेचकी शांत झाली तिथं दुसरा दगड ठेवला. आता मधलं अंतर मोजायचं होतं.

खोली तेव्हा परसांत मोजत. माणसाने ताठ उभं राहून दोन्ही हात वर केले की पावलापासून बोटांच्या टोकापर्यंत जेवढं भरेल, तेवढा एक परस. जमिनीवरचं अंतर मोजायचं तर हात डोक्याकडे ताणून सरळ आडवं व्हायचं, टोकाला खूण करायची, तिथून पुन्हा आडवं व्हायचं. सटवाबाला ते आता जमण्यासारखं नव्हतं. पाठ जमिनीला टेकतच नव्हती. तो दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, लेकीला घेऊन माळावर आला.

"तू हो माझा परस," तो म्हणाला.

आवडा नऊ वेळा त्या माळावर आडवी झाली. नऊ वेळा बापाने तिच्या बोटांपाशी खूण केली आणि प्रत्येक वेळी म्हणाला, "ताठ, ताठ. आखडू नको." नवव्या वेळी तिची बोटं बरोबर दुसऱ्या दगडाला लागली. केसांत कुसळं, पाठीला माती, तरी तिला हसू येत होतं. सगळं अंग मोकळं ताणून ती किती वर्षांनी अशी पडली होती! पण घरी परतताना तिला पारावरचे लोक आठवले. पाणाड्याने विहीर पोरीच्या उंचीनं मोजली हे कळलं तर ती चेष्टा जन्मभर पुरली असती. तिने बापाचा हात धरला आणि म्हणाली, "बा, कुणाला सांगू नगा. माझी आन हाय."

सटवाबाने लेकीची शपथ मोडली नाही. त्याने गावाला एवढंच सांगितलं, "नऊ परस. नऊ परसांवर पाणी हाय, माझा शबुद."

पंधरा दिवसांत तो तापाने गेला. शब्द मागे राहिला.

विहीर खोदायला यल्लाप्पा वडार आपली माणसं घेऊन आला. दगडाशी बोलणारा माणूस, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्याच्या टोळीत तिम्मा नावाचा एक होता, अंगाने चिमुकला, जेमतेम इतरांच्या खांद्याला लागणारा. वडारांची रीत अशी की मापाला नेहमी सगळ्यात हलका माणूस खाली सोडायचा, म्हणजे दोरावर ताण नको. तिम्मा पाटीत बसून खाली जाई, भिंतीला टेकून उभा राही, हात वर करी, आणि बोटं लागतील तिथं खडूची रेघ ओढी. एक परस. परस म्हणजे परस, असं वडारांना वाटलं, गावालाही वाटलं. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

पाडवा दोन दिवसांवर असताना तिम्माची नववी रेघ झाली. खाली कोरडा काळा खडक होता. यल्लाप्पाने पहार मारली तर ठिणगी उडाली.

गाव पारावर जमलं. हैबती पाटलाने विहिरीतून आणलेला कोरडा दगड हातात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "गाव उठवायचं. पाडव्याला देव गाडीत ठिवू आन् नदीकाठी जाऊ."  ज्याची त्याची नजर आपापल्या घराच्या आढ्याकडे गेली. तेवढ्यात मागून एक जण पुटपुटला, "म्हातारा खोटं बोलला. मरायच्या आधी मोठेपणा घिऊन गेला."

आवडा पाराच्या कडेला बायांमध्ये बसली होती. बसलेली असतानाही ती वाकून बसायची. ते बोलणं तिच्या काळजात घुसलं. बाप खोटा नव्हता, हे सगळ्या गावात तिला एकटीला ठाऊक होतं. तो गप्प राहिला ते तिच्या शपथेपायी, आणि आता त्याचं नाव मातीत जात होतं तेही तिच्यापायीच. ती बोलली तर गाव हसणार होतं. ती गप्प राहिली तर गाव उठणार होतं, आणि जिथं जाईल तिथं सटवाबाला खोटा म्हणणार होतं. 

"नऊ परस कुणाचे?" ती म्हणाली.

पाटलाने मान वळवली. "कुणाचे म्हंजे? परस काय कुणाच्या मालकीचा असतो व्हय?"

"असतो. तुमी मोजले ते तिम्मादादाचे नऊ. माझ्या बाचे नऊ अजून व्हायचेत."

आता माणसं हसली. "अगं, तुझा बा तर कमरेतनं वाकलेला. त्याचा परस तिम्माच्या परसापेक्षा आखूडच भरंल की!"

"बानं सोताचा परस मोजलाच न्हाई," आवडा म्हणाली.  पुढचं वाक्य उच्चारायला तिला जेवढं बळ लागलं, तेवढं विहीर खणायलाही लागलं नसेल, असं तात्या म्हणतात. "माझा मोजला. मी नऊ डाव आडवी झाल्ये त्या माळावर. शपत मीच घातली व्हती त्याला, सांगू नगा म्हणून. तुमी हसाल म्हणून."

हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. यल्लाप्पा मात्र ताडकन उठला. त्याने तिम्माला पाराच्या भिंतीपाशी उभं केलं, हात वर करायला लावले आणि आवडाला म्हणाला, "ये पोरी. शेजारी उभी राहा."

ती उभी राहिली. आधी सवयीप्रमाणे वाकलेलीच. मग तिने मान बाहेर काढली, खांदे मागे नेले, गुडघे सरळ केले आणि दोन्ही हात आभाळाकडे नेले. बांगड्या खळखळत कोपरापर्यंत उतरल्या. गावाने आवडाला जन्मापासून पाहिलं होतं, पण पुरती कधी पाहिलीच नव्हती. कुणीतरी पोराने "अबब!" केलं आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली.

यल्लाप्पाने तिम्माच्या बोटांपासून आवडाच्या बोटांपर्यंत आपला हात लावला, कोपरापासून बोटांपर्यंत. एक हात भरला, वर नखभर उरलं. "परसाला एक हात कमी," तो म्हणाला. "नऊ परसांना नऊ हात. आम्ही नऊ हात आधीच थांबलो, पाटील."

"हात कुणाचा?" आवडाने पटकन विचारलं.

ह्या वेळी गाव हसलं ते निराळं हसू होतं. पाटीलही हसला. "यल्लाप्पाचा, बाई, यल्लाप्पाचा!" तो म्हणाला. मग गंभीर होऊन त्याने निवाडा दिला. गाड्या जुंपायच्या नाहीत. अखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट बघायची. नऊ हात खोल जायचं, पण त्यापुढे एक वीतही नाही, कारण माणसं थकली आहेत आणि नदीतले झिरेही आटत चाललेत.

तेव्हा आवडाने कमरेला खोचलेली बापाची बेचकी पुढे धरली आणि सगळ्यांसमोर बोलली, "नऊ परसांत पाणी न्हाई लागलं तर ही बेचकी मी सोताच्या हातानं चुलीत घालीन आन् बाला खोटा म्हनीन. तवर मी वाकायची न्हाई." उंबराची ती काटकी सटवाबाच्या बापाच्या बापापासून चालत आलेली होती. ती जाळणं म्हणजे सटवाबाला दुसऱ्यांदा जाळणं होतं.

खडक कठीण होता. वडार सरपण पेटवून दगड तापवायचे आणि तडकला की छिन्नी घालायचे. दिवसाला सहा बोटं, कधी आठ. आवडा रोज काठावर उभी असे. तिला बसलेली कुणी पाहिली नाही म्हणतात, पण तात्या म्हणतात, "बसत आसंल की, मानूसच व्हती." खणणं पुरेसं खाली गेल्यावर यल्लाप्पाने दोराला तिच्या मापाच्या आठ गाठी मारल्या, दोर विहिरीत सोडला आणि आठवी गाठ आली तिथं भिंतीवर शेंदराची रेघ ओढली. तळाला उभ्या राहिलेल्या आवडाची बोटं त्या रेघेला लागली की नऊ पुरे.

अखितीच्या सकाळी यल्लाप्पाने वर हाक दिली. त्याच्या हाताने नऊ हात झाले होते. तळ कोरडा होता.

आवडा बेचकी काठावर ठेवून पाटीत बसली आणि खाली गेली. वरून चौकोनभर गाव खाली वाकून बघत होतं. गार, काळा, धुरकट खड्डा. पायाला ओलाव्याची खूणसुद्धा लागेना. ती भिंतीला टेकून उभी राहिली, हात वर केले. बोटं नेमकी शेंदराच्या रेघेवर टेकली.

"झाले नऊ," यल्लाप्पा हलकेच म्हणाला.  वरून पाटलाचा आवाज आला, "वर या रं. लई केलंत."

आवडाला रडू कोसळलं. बाप खोटा ठरला होता. वर जाऊन बेचकी चुलीत घालायची, देव गाडीत ठेवायचा. तिने हात तसेच धरून डोळे मिटले, आणि तिला माळावरची पहाट आठवली. पाठीखालची माती, केसांतली कुसळं, आणि कानाशी वाकलेल्या म्हाताऱ्याचा आवाज. ताठ, आवडे, ताठ. आखडू नको.

तेव्हा तिला कळलं. भीतीने तिची मान आत गेली होती. खांदे पुढे आले होते, गुडघे वाकले होते. महिनाभर सांभाळलेली आन शेवटच्या क्षणी मोडली होती, आणि तिला ठाऊकही नव्हतं.

ती सरळ झाली. टाचांपासून मानेपर्यंत, जशी माळावर आडवी झाली होती तशी. बोटं रेघेच्या वर गेली. एक बोट, दोन, तीन, चार.

"काका," ती म्हणाली, "चार बोटं बाकी हायेत."

यल्लाप्पाने वर विचारलं नाही. छिन्नी घेतली. तिम्माने घण उचलला. पहिलं बोट, दुसरं बोट, तिसरं. चौथ्या बोटाला छिन्नीचा आवाज बदलला. दगड ठण्ण वाजायचा, तो बद वाजला. यल्लाप्पाने छिन्नी उपसली आणि तिच्यामागोमाग बोटाएवढी पाण्याची धार तिम्माच्या छातीवर आली. तिघंही किंचाळले. वरच्यांना वाटलं दरड कोसळली.

पाटी वर येईतो पाणी घोट्याला लागलं होतं. आवडा वर आली ती नखशिखांत भिजलेली.  पाटलाने डोक्याचा पटका काढला आणि काठावरच्या बेचकीला गुंडाळला, सटवाबाच्या डोक्याला गुंडाळावा तसा. मग पारावरच्या एका टवाळाने, सवयच ती, विचारलं, "आवडे, खाली काय दिसलं गं?"

"माझा बा," ती म्हणाली, आणि आता मात्र मोकळेपणाने रडली.

त्या दिवसापासून गावाने परस हा शब्द टाकला. परस कुणाचाही असतो, आवडी एकीचीच. यल्लाप्पाने जाताना काठावर शिळा उभी केली, आवडाला तिच्यासमोर उभं करून पावलं आणि पंजे कोरले, आणि तिम्माच्या हट्टापायी बांगड्याही कोरल्या. पुढे आवडाचं लग्न झालं की नाही ह्यावर गावात दोन तट आहेत. तिम्माशीच झालं असं एक तट सांगतो. तात्या दुसऱ्या तटाचे आहेत, पण तिम्माचं नाव निघालं की तेही मिशीत हसतात.

आजही माळशिंगीत विहीर, बुरूज, झाड, सगळं आवडीत मोजतात. मागे कुणी टेप घेऊन मोजायला आले होते. एकवीस आणि वर काही मीटर भरले. तात्यांनी त्यांना नम्रपणे विचारलं, "मीटर म्हंजे कुणाचा?" गावात नुसता आकडा बोलायची चोरी आहे. दुकानात पोराने "दोन द्या" म्हटलं की दुकानदार "दोन काय?" विचारल्याशिवाय हात हलवत नाही, आणि शाळेतले गुरुजी सांगतात की गणितात उत्तर चुकवणारी पोरं इथं पुष्कळ आहेत, पण आकड्यापुढे माप लिहायला विसरणारं एकही नाही. विहीर मात्र कितीही कोरडं वर्ष गेलं तरी तळाशी एक आवडी पाणी राखतेच, म्हणे.

अखितीला गावातल्या सगळ्या पोरी आणि गावात आलेल्या नव्या सुना 'उभी'ला पाठ लावून हात वर करतात. पंज्यांपर्यंत कुणीच पोहोचत नाही, आणि पोहोचावं असं कुणाचं म्हणणंही नाही. तात्या कोळशाने बोटांपाशी एक रेघ ओढतात. मग जरा मागे सरतात आणि सटवाबाचं वाक्य म्हणतात, "ताठ उभी ऱ्हा, पोरी." पुन्हा दुसरी रेघ ओढतात. दोन रेघांमध्ये आजवर प्रत्येकीचं अंतर भरलं आहे, उंच असो की ठेंगणी. चार बोटं, तात्यांची.